इंजिनाचं नाक

आमच्या बिल्डिंगखाली गजादादा कोळ्यांचा ट्रक उभा असायचा आणि रोज सकाळी त्या ट्रकपुढे गजादादा कॅलेंडरचं फाडलेलं पान हातात धरून उभे असायचे. इंजिन चालू करायचे, बॉनेट उघडायचे आणि जिथून इंजिन हवा ओढतं त्या तोंडापाशी ते पान हळूच न्यायचे. पान फट्कन चिकटलं की त्यांचा चेहरा खुलायचा. "खाते," एवढंच म्हणायचे. पान नुसतंच फडफडलं, तर त्या दिवशी त्यांना चहासुद्धा गोड लागत नसे.

"इंजिन म्हंजे काय, साहेब? नाक," ते मला सांगायचे. "डिझेल कोनपन पाजंल. हवा कोन देनार?"

मला ते साहेब म्हणायचे, कारण मी रबाळ्याच्या एका कारखान्यात हवेचा, तेलाचा दाब दाखवणारे गेज तपासायचो. गेजचा काटा खरं बोलतो की खोटं, एवढंच पाहायचं. बाकी माझ्यात साहेबासारखं काही नव्हतं. स्वभावाने मी भित्रा. गॅस पेटवतानासुद्धा मान मागे घेणारा. आमच्या खांदेश्वरला तेव्हा स्टेशन झालेलं नव्हतं, त्यामुळे रोज बस बदलत कामावर जायचो आणि बसमध्येही ड्रायव्हरच्या मागची जागा टाळायचो. समोरून येणारी गाडी दिसू नये म्हणून.

गजादादा मूळचे बेलापूरजवळच्या दिवाळे गावचे. वडिलांच्या होडीवर डिझेल इंजिन शिकले, मग धाकट्या भावाबरोबर ट्रक घेतला, आणि पुढे गाव सोडून आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आले. का आले ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि कोणी विचारलं नाही. जग त्यांना हवेतच दिसायचं. मला सर्दी झाली की म्हणायचे, तुमचा फिल्टर चोक झालाय. सोसायटीचा पंप बंद पडला तर सेक्रेटरींना सांगायचे, त्याला श्वास घेऊ द्या. माझ्या बायकोला स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवायची ताकीद होती. त्यांच्या घरच्या मालतीवहिनी तर म्हणायच्या की मी रात्री घोरले नाही, तर हे उठून नाकाशी हात धरून बघतात.

ट्रकच्या नाकावर मात्र त्यांचा जीव होता. दर महिन्या-दोन महिन्यांनी ते कुठल्या ना कुठल्या स्पेअरपार्टच्या बाजारातून काहीतरी घेऊन यायचे. एकदा लाल रंगाचा शंकूसारखा फिल्टर आणला. दुकानदाराने सांगितलं होतं, पिकअप दुप्पट आणि डिझेल निम्मं. एकदा पत्र्याची भिंगरी आणली. ती हवेच्या नळीत बसवायची, म्हणजे हवा गिरक्या घेत आत जाते आणि डिझेल चांगलं जळतं, असा दावा. मग कळंबोलीच्या एका फॅब्रिकेटरकडून त्यांनी मूळच्या दीडपट रुंद नळी बनवून घेतली. ती बॉनेटच्या बाहेर अशी यायची की आमच्या बिल्डिंगमधली लहान मुलं ट्रकला हत्ती म्हणायची.

आणि दरवेळी मग लागोपाठ काही रविवार चाचण्या. त्यासाठी मी लागायचो. रविवारी सकाळी पोत्यांत रेती भरून ट्रक जड करायचा, टाकी तोंडापर्यंत भरायची आणि ठरलेला फेरा मारायचा. कळंबोली, तळोजा, शिळफाटा, तिथून डोंगराचा चढ चढून महापे, मग बेलापूरवरून घरी. परत टाकी भरायची आणि किती डिझेल लागलं ते मी वहीत लिहायचं. नाही म्हणायचं मी दर शनिवारी ठरवायचो. रविवारी सकाळी गजादादा दारात उभे राहिले की माझी बायकोच मला चप्पल काढून द्यायची.

सहा-सात चाचण्यांनंतर मी त्यांना स्पष्ट सांगितलं की यात काही अर्थ नाही. एखाद्या रविवारी अर्धा लिटर कमी लागायचं, पुढच्या रविवारी तेवढंच जास्त. टाकीत डिझेलला फेस किती येतो यावरच एवढा फरक पडतो. ताकदीचं म्हणाल तर नुसता आवाज वाढला होता. कंपनीचा फिल्टर स्वच्छ ठेवला तर इंजिनाला हवी तेवढी हवा मिळते, जास्त देऊन ते जास्त खात नाही. गजादादांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कमी पडली तर?"

मी म्हटलं, पडत नाही. ते म्हणाले, "तुमी कवा चढावर बसलाव, साहेब? कमी पडते."

चढावर मी बसत होतो की, दर रविवारी. आणि मला दिसत होतं की शिळफाटा सोडून चढ लागला की या माणसाचं बोलणं बंद होतं. ओठ पांढरे पडायचे. स्टिअरिंगवरचे हात असे आवळलेले की नखं दिसेनाशी होत. माथ्यावर पोचलो की ते मोठा श्वास सोडायचे आणि पुन्हा हवेवर बोलू लागायचे. मी स्वतः इतका घाबरलेला असायचो की दुसऱ्याच्या भीतीचं कारण विचारायचं मला सुचलं नाही.

त्या रविवारी त्यांनी दोन गोष्टी एकदम केल्या होत्या. हत्तीची सोंड तर होतीच. शिवाय फिल्टरच्या तळाशी जी तेलाची वाटी असते, जिच्यात हवेतली धूळ बसते, ती त्यांनी खुणेच्या वर भरली होती. जास्त तेल म्हणजे जास्त स्वच्छ हवा, असा हिशोब. मला हे माहीत नव्हतं.

चढ अर्धा चढलो असू. डावीकडे डोंगराची कापलेली कड, उजवीकडे उतार. इंजिनाचा आवाज अचानक बदलला. आधी वाटलं, गजादादांनी पाय दाबला. पण त्यांनी तर पाय उचलला होता. इंजिन तरीही चढत्या आवाजात ओरडत होतं. मागे निळसर धुराचा लोट उठला. त्यांनी इंजिन बंद करायची दांडी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. इंजिनाला आता डिझेल नको होतं, ते वाटीतलं तेल ओढून घेऊन त्यावरच जळत होतं. केबिन थरथरायला लागली. माझ्या पायाखालचा पत्रा कापत होता आणि मी तोंडाने रामाचं नाव घेतोय हे मला माझा आवाज ऐकू आल्यावर कळलं.

"घट्ट धरा," गजादादा म्हणाले. त्यांनी वरचा गिअर टाकला, ब्रेकवर अक्षरशः उभे राहिले आणि क्लच सोडला. ट्रकने एक हिसका दिला. माझं कपाळ काचेवर आपटलं. आणि इंजिन गुदमरून बंद पडलं.

त्या शांततेने मी जास्त घाबरलो. कारण आता आम्ही भरलेल्या ट्रकमध्ये, चढाच्या मधोमध, नुसत्या ब्रेकवर उभे होतो. हँडब्रेक ओढला, पण त्याच्यात दम नव्हता. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि ती हवा कुठूनशी फुस्स करत गळत होती. समोर तिचा गेज होता. आयुष्यात मी शेकडो गेज पाहिले, पण काटा असा हळूहळू उतरताना पाहून तो खोटं बोलत असावा, असं मला पहिल्यांदाच वाटलं.

मला एवढं माहीत होतं की अशा वेळी मागच्या चाकाला दगड लावतात. भित्रा असलो तरी मी दार उघडलं आणि म्हटलं, मी उतरतो, दगड लावतो. गजादादांनी माझ्या शर्टाची मागची बाजू पकडली आणि मला आत ओढलं. शर्ट टरकन फाटला.

"मागं जायचं नाय," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण तसा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "गाडी गेली तरी चालंल. मागं कोन जायचं नाय."

मग त्यांनी मला खिडकीतून हात काढून मागच्या गाड्यांना लांब व्हायला सांगायला लावलं. मागे एक टेम्पो होता, तो बाजूने निघून गेला. रस्ता मोकळा आहे असं मी तीनदा सांगितलं तेव्हा त्यांनी ब्रेक किंचित सोडला. ट्रक मागे सरकू लागला. मी डोळे मिटले. रेतीच्या वजनाने तो किती वेगात जाईल याचा विचार करू लागलो आणि तेवढ्यात डावीकडून मोठा करकराट झाला. त्यांनी ट्रकची मागची बाजू डोंगराच्या कडेत नेऊन टेकवली होती. मागचा फाळका चेपला. ट्रक थांबला.

मी उतरलो आणि रस्त्याच्या कडेलाच बसलो. गजादादा उतरले नाहीत. ट्रक पक्का अडकला होता तरी त्यांचा पाय ब्रेकवरच होता. मी बऱ्याच वेळाने वर चढून तो पाय हाताने उचलला, तेव्हा ते बोलू लागले.

पाच वर्षांपूर्वी घाटात त्यांचा असाच भरलेला ट्रक चढावर दमून बंद पडला होता. धाकटा भाऊ हरी बरोबर होता. तो नेहमीसारखा उडी मारून चाकाला ठोकळा लावायला गेला. ट्रक सरकला आणि हरीचा उजवा पाय गुडघ्याखालून कायमचा गेला. फिल्टर साफ करायचं काम गजादादांचं. आदल्या दिवशी त्यांनी आळस केला होता. फिल्टर चोक, म्हणून हवा कमी, म्हणून ट्रक दमला. पाच वर्षं त्यांच्या डोक्यात एवढंच होतं. हॉस्पिटलमधून हरी घरी आला त्या आठवड्यात त्यांनी गाव सोडलं.

मी विचारलं, आता फोन कुणाला करू? रविवार असल्यामुळे मेकॅनिक मिळणार नव्हता. मग दिवाळ्यातल्या एका दुकानाचा नंबर त्यांनी न अडखळता सांगितला. "हरीला बोलवा," म्हणाले. मी निघालो तसं मागून म्हणाले, "नाय आला तरी चालंल."

महाप्याच्या बाजूला उतरून मी बूथवरून फोन केला आणि परत चालत आलो, तोवर गजादादा उतरून रस्त्याच्या कडेला बसले होते. तासाभराने रिक्षा आली. कुबडी आधी बाहेर आली, मग हरी. दिसायला अगदी गजादादा, फक्त केस काळे. त्याने ट्रककडे पाहिलं, सोंडेकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळून विचारलं, "मागं कोन गेला होता?"

मी म्हटलं, कुणी नाही, गजादादांनी जाऊ दिलं नाही.

तो कडेला भावाशेजारी जाऊन बसला. "घाटात गेलो त्या दिशी फिल्टर मी साफ केला नवता," एवढंच गजादादा पुटपुटले.

"मी केलेला," हरी म्हणाला. "सकाली. तू झोपला होतास."

गजादादा त्याच्याकडे वळले. "मंग गाडी का दमली?"

"वजन होतं. चढ होता. गाडी हाय ती, दमते."

"पाच वर्सं बोलला नाय मना?"

"तू आलास कवा?" हरी म्हणाला.

गजादादांनी हलक्या आवाजात पाय दुखतो का, असं विचारलं. थंडीत दुखतो, हरीने सांगितलं. दोघे तसेच बसून राहिले आणि मी उगाच रस्त्याकडे बघत उभा राहिलो.

ट्रकला पुढे कंपनीचाच फिल्टर बसला. सोंड भंगारात गेली. मायलेज जेवढं पहिल्यापासून होतं तेवढंच राहिलं. मला रविवारी कुणी बोलवेनासं झालं. सुटलो म्हणायला हवं होतं, पण रविवारची सकाळ मोठी वाटू लागली.

दोन-तीन महिन्यांनी अशाच एका रविवारी मी मासळी घ्यायला दिवाळ्याला गेलो. हरी घराच्या ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसला होता. मोजमापाची खोड वाईट. मी हळूच विचारलं, त्या सकाळी तुम्ही खरंच फिल्टर साफ केला होता का?

त्याने जाळ्यातून मान वर केली नाही. "कोनाला आठवतंय, साहेब," तो म्हणाला. मग जाळ्याची गाठ आवळत, "तुमी नका विचारू त्याला."

इतक्यात आतून गजादादांचा आवाज आला. भात निवतोय, हरीला ते जेवायला बोलवत होते.