विजयकुमारांचे घोड्यावरून न पडणे

विजयकुमार घोड्यावरून पडले. मात्र ही घटना घडलेली नाही. माणूस पडतो ती निसर्गाची बाब असते. तो पडला की नाही हे ठरवणे ही प्रशासनाची बाब असते, आणि इथे तर प्रशासनच पडले होते. विजयकुमार सौदी अरेबियातल्या रास अल खैरच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहेत.

न घडलेल्या घटनेची पार्श्वभूमी अशी. सौदीतल्या त्यांच्या अकराच्या अकरा वार्षिक रजा नाशकात गेल्या होत्या (लग्ने चौदा, मुंजी पाच, बँकेत केवायसी अकरा वेळा, विश्रांती दीड तास). या वर्षी त्यांच्या पत्नीने, म्हणजे चित्रावहिनींनी, जाहीर केलं, "सिसिली. सात दिवस, ऑलिव्हच्या बागांतून घोड्यावर. आणि अहो, तिथे तुमची एकही मावशी राहत नाही. मी खात्री केली आहे."

सहलवाल्यांची अट एकच: वीस तासांचा सराव. म्हणून दर शुक्रवारी सकाळी हे दोघं आणि लेक नूपुर जुबैल शहराबाहेरच्या एका तबेल्यात जाऊ लागले. तबेला सांभाळणारे मुनाफभाई मूळचे म्हसळ्याचे. तिसऱ्या शुक्रवारी घोडा वहिनींचं ऐकू लागला. (विजयकुमारांच्या खात्यात अजून इतकी प्रगती नाही.)

विजयकुमार पद्धतशीर माणूस. त्यांनी आधी घोड्याचा धोका-अहवाल केला. पाने एकोणीस, धोके त्रेचाळीस. सर्वांत गंभीर त्रुटी, 'बंद करण्याचे बटण आढळले नाही'. कारखान्यात कुठल्याही यंत्राला हात लावण्यापूर्वी त्यावर लाल प्लास्टिकची पाटी अडकवतात: 'धोका. चालू करू नये.' विजयकुमारांनी तशी एक घोड्याच्या गळ्यात अडकवली आणि मग वर चढले.

"इंजिनेरसाहेब, घोडा हाय तो," मुनाफभाई म्हणाले. "त्याला वाचता येत नाय."

"त्याच्यासाठी नाही. इतरांसाठी आहे."

"इतर कोन? ही वाळू?"

वारा आला, पाटी फडफडली, आणि घोडा चालू झाला. तो जिथे थांबला तिथे विजयकुमार नव्हते.

"यू फेल डाऊन, बाबा," नूपुर म्हणाली.

"उतरलो," वाळूतून उत्तर आलं. "नियोजित वेळेआधी."

कारखान्याच्या फाटकावरचा फलक त्या दिवशी सांगत होता: 'अपघाताविना ९८९ दिवस'. सुट्टीतली पडझडही त्यात धरतात. आकडा शून्यावर आला की चौकशी लागते, आणि चौकशी संपेपर्यंत सुरक्षा अधिकाऱ्याची रजा खलास. चौकशी सरासरी चौऱ्याहत्तर दिवस चालते. सिसिलीचं विमान सोळाव्या दिवशी होतं. शिवाय चौकशी अधिकारी विजयकुमारच. त्यांना स्वतःलाच प्रश्न विचारावे लागले असते, आणि पूर्वानुभव पाहता समाधानकारक उत्तरं मिळाली नसती.

डॉक्टरांनी माकडहाडाला तडा आणि सहा आठवडे बसायला मनाई सांगितली. 'दुखण्याचे कारण' या रकान्यात विजयकुमारांनी 'जन्मजात' असं लिहिलं.

ऑफिसात ते सगळ्या बैठका उभ्यानं घेऊ लागले. चौथ्या दिवशी मोठ्या साहेबांनी या उपक्रमाचं कौतुक केलं. सातव्या दिवशी खात्यातल्या खुर्च्या गोदामात गेल्या. बैठकांचा वेळ एकसष्ट टक्क्यांनी घटला (निर्णयांची संख्या पूर्वीइतकीच, म्हणजे शून्य, राहिली). एक कनिष्ठ अभियंता उभ्या उभ्या डुलकी लागून फळ्यावर आपटला. तीही घटना घडलेली नाही.

विमानाच्या आदल्या संध्याकाळी चित्रावहिनी नवे गुडघ्यापर्यंतचे बूट घालून बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालत होत्या. गेला आठवडाभर त्या हे काम बुटांतच करत होत्या.

"रद्द करू या का?" त्यांनी वळून न बघता विचारलं. "तुम्हाला खुर्चीत बसवत नाही. खोगिरावर रोज पाच तास कसे काढाल?"

विजयकुमार फ्रिजवर ताट ठेवून वरणभात खात होते. त्यांनी त्या बुटांकडे बघितलं आणि घास गिळला.

"रद्द कशाला? काही झालंय का?"

वहिनी हसल्या. मग बुटांसकट आत गेल्या आणि बॅग भरायला लागल्या.

आता एकच अडचण उरते. अपघात कळूनही चोवीस तासांत न कळवणारा तितकाच दोषी, असा कारखान्याचा नियम आहे (मसुदा: विजयकुमार). वहिनी, नूपुर आणि मुनाफभाई यांनी आपण काही पाहिलं नसल्याचं लिहून दिलं आहे. घोड्याने सही करण्यास नकार दिला, पण तो कुणाला सांगायला जाणार नाही. उरलात तुम्ही. तुम्हाला सगळं कळलं आहे, आणि इथवर वाचताना तुम्ही विजयकुमारांना उठवायलाही आला नाहीत, हसत बसलात, तेही बसून.

तरी सर्व संबंधित वाचकांनी, आपण ही कथा वाचलेली नसल्याचे प्रतिज्ञापत्र, न वाचलेल्या मजकुराच्या साक्षांकित प्रतीसह, कथा वाचण्यापूर्वीची तारीख घालून, तीन प्रतींत, उभ्याने सही करून, विमान सुटण्याआधी समक्ष सादर करावे, ही नम्र विनंती.