साळिंदरवाले नाडकर्णी

तोंडातून एक अक्षरही न काढता कडाकडा भांडता येतं, हे मी नाडकर्णींकडे बघून शिकलो. तोक्योच्या तोझाई लाइनच्या सकाळच्या गाडीत शिंक आली तरी माणूस आधी शेजाऱ्याची माफी मागतो. त्या गाडीत नाडकर्णी नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत कोणाशी ना कोणाशी भांडत उभे असतात. भुवया कपाळात जातात, नाकपुड्या फुगतात, मिशी थरथरते, उजवा हात खिशातून अर्धा बाहेर येतो आणि जागेचं भान येऊन पुन्हा आत जातो. डाव्या हातात फोन असतो, फोनवर अमेरिकेतल्या कॉलेजांची बास्केटबॉलची मॅच, आणि भांडण रेफ्रीशी. आजूबाजूची जपानी माणसं त्या गर्दीतही त्यांच्याभोवती वीतभर जागा सोडतात. ती जागा मला मिळते, एवढाच माझा फायदा.

मी रानडे. नाडकर्णी आणि मी एकाच भारतीय बँकेच्या तोक्यो शाखेत आहोत, ते मला बरेच सीनियर. राहायलाही ग्योतोकुला एकाच बिल्डिंगमध्ये, ते चौथ्या मजल्यावर, मी दुसऱ्या. म्हणजे मला सकाळी नाडकर्णी, दुपारी नाडकर्णी आणि संध्याकाळीही नाडकर्णीच. हे मी कौतुकानं सांगत नाहीये.

माणसाचं उभं आयुष्य इन्स्पेक्शन डिपार्टमेंटमध्ये गेलं. त्यामुळे जगात दोनच प्रकार शिल्लक राहिले: नियमात बसणारं आणि ‘सरळसरळ अपमान’. कोन्बिनीतली, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास दुकानातली, मुलगी जेवणाचा डबा हातात घेऊन गोड आवाजात विचारते, गरम करून देऊ का? नाडकर्णी दुकानाबाहेर आल्यावर माझ्यावर उखडतात. “मला गरम-गार कळत नाही असं वाटतं का हिला? हा सरळसरळ अपमान आहे, रानडे!” एकदा त्यांनी बाटल्या झाकणासकट टाकल्या. कचऱ्याच्या गाडीनं पिशवी उचलली नाही, वर पिवळं स्टिकर लावून बिल्डिंगसमोर तशीच ठेवली. “चारचौघांत!” ते म्हणाले. तेव्हापासून दह्याचं डबडं धुऊन, चिमटा लावून गॅलरीत वाळत घालणारा ग्योतोकुतला हा एकमेव मराठी माणूस आहे. स्वतःपुरतं करून थांबले असते तरी चाललं असतं. पण ते दुसऱ्यांच्या पिशव्यांचंही इन्स्पेक्शन करतात. माझी पिशवी दोनदा माझ्याच दाराशी परत आली. सोबत नाडकर्णी. “रानडे, झाकणं वेगळी.”

असा हा माणूस क्रिकेट बघत नाही. आमच्या मराठी मंडळींत याहून मोठा गुन्हा नाही. त्यांचं सगळं इमान अमेरिकेच्या मधल्या भागातल्या एका कॉलेजच्या पायाशी वाहिलेलं, आणि त्या कॉलेजच्या टीमचं चिन्ह आहे साळिंदर. सिंह नाही, वाघ नाही, गरुडही नाही. “आमची साळिंदरं” असं ते भर मीटिंगमध्ये म्हणतात, आणि शाखेतले मोरितासान नम्रपणे मान हलवतात.

त्यांची मुलगी मुक्ता तिथं शिकते. वहिनी गेली दोन वर्षं पार्ल्याला, त्यांच्या आईच्या आजारपणात अडकलेल्या. चौथ्या मजल्यावर नाडकर्णी एकटेच. मुक्ता कशी आहे असं विचारलं तर उत्तर एका शब्दात यायचं, “मजेत.” साळिंदरं कशी आहेत असं चुकून विचारलं, तर माझा डबा गार व्हायचा. मी आपला डोळे मिटून असा हिशेब केला होता, की बापाला मुलीपेक्षा टीमची काळजी जास्त आहे. मनातल्या मनात मी त्यांना नावंही ठेवली.

मार्चात या कॉलेजांची मोठी स्पर्धा असते. एकदा हरलं की घरी, दुसरी संधी नाही. यंदा साळिंदरं कडेकडेनं का होईना, आत शिरणार अशी चिन्हं होती. आणि नेमका तेव्हाच तो मनकवडा उपटला.

मनकवडा म्हणजे अमेरिकेतला एक स्टेजवरचा इसम. समोरच्या परक्या बाईच्या लहानपणच्या कुत्र्याचं नाव सांगतो आणि लोक टाळ्या वाजवतात. त्यानं व्हिडिओ टाकला: यंदाचा विजेता कोण हे मी आत्ताच लिहून लखोट्यात बंद केलं आहे, लखोटा काचेच्या पेटीत आहे, फायनल झाली की उघडेन. तोवर तुमच्यासाठी एक कोडं. ज्याला वाटेत कोणी विचारलं नाही, त्याला दारात सगळे विचारतील. लाल दिवा विझेल, पाणी चढेल, आणि थोरल्याच्या आधी धाकटा जेवेल.

झालं. आमचा ‘ग्योतोकु मराठी’ ग्रुप, जो एरवी कांदेपोह्यांचे पोहे कुठं मिळतात यापलीकडे जात नाही, तो पेटला. स्पर्धेच्या आधीच्या रविवारी साठेंकडे मिसळीचा बेत होता, तिथं या कोड्याची चिरफाड झाली. साठे सॉफ्टवेअरमधले. वर्षभर कंपनीनं अमेरिकेत एका गावी ठेवलं होतं, तेवढ्यावर ते त्या गावच्या टीमचे झालेले.

“सोप्पं आहे! पाणी म्हणजे निळा रंग. आमची टीम निळी. संपलं.”

“निम्म्या टीम्स निळ्या आहेत, साठे,” रेवती पाटणकर म्हणाली. ती साठेंच्याच ऑफिसात. “माझ्या भावाचं कॉलेज नदीकाठी आहे. पाणी चढेल ते तिथंच चढणार ना? कॉमन सेन्स!”

“आणि लाल दिवा?”

“ते नंतर बघू. आधी पाण्याचं तर मान्य करा.”

मी कोणाच्याच बाजूचा नव्हतो. पण यजमानांची दोन वाट्या मिसळ खाल्ली होती, म्हणून एक नाव मीही ठोकून दिलं. गंमत म्हणजे चार मिनिटांत मी ते सिद्धसुद्धा केलं. नंतर माझीच मला लाज वाटली. शिकलेली माणसं आम्ही, प्रत्येकाला त्या कोड्यात फक्त स्वतःचंच घर दिसत होतं.

नाडकर्णी उभे राहिले. ते बसून बोलत नाहीत.

“कोड्याला उत्तर एक असतं,” ते म्हणाले. “एका कोड्याला चार उत्तरं निघत असतील तर ते कोडं नव्हे, लबाडी आहे. हा सरळसरळ अपमान आहे. तुमचा, माझा, सगळ्यांचा!”

“मग तुमचं उत्तर काय, काका?” रेवतीनं विचारलं.

“साळिंदर.”

हसून हसून साठेंना ठसका लागला. नाडकर्णींनी पाणी दिलं आणि ठसका थांबायची वाट न बघता सुरू झाले. वाटेत कोणी विचारलं नाही, बरोबर, आम्हाला कोण विचारतं? लाल दिवा विझेल, म्हणजे अंधार. साळिंदर अंधार पडल्यावरच बाहेर पडतं, हवं तर बघा कुठंही. धाकटा आधी जेवेल, तर आमचे सगळ्यात जास्त पॉइंट्स पहिल्या वर्षाची पोरं करतात. “आणि पाणी?” मी विचारलं. “मुक्ताच्या होस्टेलच्या तळघरात गेल्या महिन्यात पाणी शिरलं होतं,” नाडकर्णी म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर एक रेषही हलली नाही.

परतताना मात्र ते भडकलेलेच होते. “मुलं अजून मैदानात उतरायची आहेत, रानडे. घाम गाळायचाय अजून. आणि हा आधीच लिहून ठेवतो? कोण आहे हा? सटवाई लागून गेला की काय?” मी हसलो. ते हसले नाहीत. स्टेशनच्या रस्त्यावर तिघा सायकलवाल्यांनी आम्हाला वळसा घातला.

पहिल्या आठवड्यात साळिंदरं सकाळच्या गाडीत दोनदा जिंकली, म्हणजे जिंकली अमेरिकेत, पण आम्ही गाडीत होतो. दोन्ही वेळा एकच प्रकार. शेवटची शिट्टी झाली, नाडकर्णींचा फोन थरथरला, आणि हा गृहस्थ ‘सुमिमासेन, सुमिमासेन’ अशी माफी मागत मिनामी-सुनामाचीला गर्दीतून उडी मारून उतरला. ऑफिसचं स्टेशन अजून किती तरी पुढे! ऑफिसातल्या पोरांना दोन मिनिटं उशीर झाला तर घड्याळाकडे बघून खाकरणारे नाडकर्णी दोन्ही दिवस उशिरा आले. शाखेच्या मोठ्या साहेबांना उत्तर मला द्यावं लागलं. “गाडीत गुदमरायला होतं,” त्यांनी मला सांगितलं. इतकी वर्षं गुदमरलं नाही ते आत्ताच कसं? मला राग आला. माणसानं थाप मारावी, पण समोरच्याच्या अकलेची थोडी तरी कदर ठेवून मारावी.

रविवारी साळिंदरं तिसरी मॅचही जिंकली. आता त्यांची मस्करी करायचं साठेंनीही बंद केलं होतं. पुढच्या शुक्रवारी पुन्हा सकाळची गाडी, पुन्हा मॅच. मी आयुष्यात पहिल्यांदा नाडकर्णींच्या खांद्यावरून डोकावत होतो. साळिंदरं एका पॉइंटनं पुढे होती. अगदी शेवटच्या क्षणी रेफ्रीनं त्यांच्या एका पोराविरुद्ध शिट्टी फुंकली. समोरच्यांना दोन फ्री थ्रो मिळाले, दोन्ही आत गेले, आणि खेळ संपला.

मी नाडकर्णींच्या भुवयांकडे बघितलं. त्या जागच्या जागी होत्या. मिशीही हलली नाही. मिनामी-सुनामाचीला दार उघडलं तसे ते शांतपणे उतरले. का कोण जाणे, मीही त्यांच्यामागे उतरलो.

फलाटावर एका खांबापाशी ते फोन हातात धरून उभे राहिले. एक गाडी गेली. दुसरी आली, तीही गेली.

“नाडकर्णीसाहेब, कोणाची वाट बघताय?”

“मुक्ताची,” ते म्हणाले. “जिंकले की ती लगेच फोन करते. गाडीत फोनवर बोलता येत नाही ना इथं. एरवी मॅच संपते तेव्हा मी ऑफिसात असतो, या स्पर्धेत गाडीतच संपते, म्हणून उतरतो.”

इतक्या दिवसांचा माझा राग कुठं ठेवावा मला कळेना.

“ती पाचवीपासून इथल्या शाळेत,” ते सांगू लागले. “मी मराठीत विचारायचो, ती जपानीत उत्तर द्यायची. मी चिडायचो. बापाला त्याच्या भाषेत उत्तर नाही म्हणजे काय! मग हळूहळू तिनं उत्तर देणंच सोडलं. आईशी तासन्‌तास बोलते, माझ्याशी ‘हो’ आणि ‘ठीक’. मागच्या वर्षी त्यांची टीम कुठलीशी मोठी मॅच जिंकली, तेव्हा तिनं गडबडीत आईऐवजी मला फोन लावला. पोरगी ओरडत होती, रानडे. मराठीत ओरडत होती! ‘बाबा, तुम्ही बघितली का मॅच?’ मी म्हटलं, बघितली. तोवर मला बास्केटबॉल म्हणजे किती माणसं खेळतात तेही माहीत नव्हतं.”

“मग आज तुम्ही लावा फोन.”

“काय बोलू? जिंकल्यावर तीच बोलते, मी नुसतं हं हं करतो. हरल्यावर काय बोलतात ते मला माहीत नाही.” त्यांनी फोन खिशात टाकला. “आता सीझन संपला. पुन्हा नोव्हेंबरात.”

मला त्या क्षणी त्या मनकवड्याची भयंकर चीड आली. या माणसाचे मुलीशी बोलायचे दिवस किती उरलेत, ते कोणीतरी कागदावर लिहून काचेच्या पेटीत ठेवलं होतं, आणि आम्ही त्यावर मिसळ खात पैजा मारत होतो.

त्यानंतरच्या दुसऱ्या मंगळवारी जेवणाच्या सुट्टीच्या सुमारास फायनल संपली. लखोटा उघडला. मनकवड्याचं उत्तर तंतोतंत बरोबर! ग्रुपवर हलकल्लोळ. आपल्याला हेच म्हणायचं होतं, असं साठेंनी लगेच लिहिलं. रेवतीनंही. ज्या टीमचं नाव त्या दिवशी कोणाच्याही तोंडी आलं नव्हतं, तिला आता लाल दिवा, पाणी, धाकटा, सगळं चपखल बसायला लागलं. माझ्या अंगाची आग झाली. नाडकर्णी यावर काय ते बोलतील अशी खात्री वाटून मी फोन घेऊन त्यांच्या टेबलापाशी गेलो.

त्यांनी व्हिडिओ पूर्ण बघितला आणि फोन मला परत दिला.

“याला माणसाच्या मनातलं कळतं ना?” ते म्हणाले. “मग त्याला म्हणावं, माझी मुलगी हरल्यावर मला फोन का करत नाही, तेवढं सांग. मी उभं राहून टाळ्या वाजवीन.”

मला एकदम कंठ फुटला. साहेबांशी मी असं कधी बोललो नव्हतो. “त्याला कशाला विचारताय? तिला विचारा! तिकडे आत्ता रात्र आहे, पण फायनल बघून पोरगी जागीच असणार. उठा. काही सुचलं नाही तर नुसते हं हं करा!”

आता माझ्यावर ‘अपमान’ येणार म्हणून मी एक पाऊल मागे सरकलो. पण ते आपला फोन घेऊन खाली गेले.

खिडकीतून मला ते फुटपाथवर दिसत होते. फोन कानाला लावून ते आधी नुसते उभे होते. मग उजवा हात खिशातून अर्धा बाहेर आला, पुरा बाहेर आला, आणि त्यांनी तो असा काही हवेत फेकला की जवळून जाणारे दोन सूटवाले थबकून माफी मागितल्यासारखे वाकले. नाडकर्णी कोणाशी तरी कडाडून भांडत होते, या खेपेला आवाजासकट.

जेवणाची सुट्टी संपून गेल्यावर ते वर आले.

“काय म्हणाली?”

“रेफ्री आंधळा होता म्हणते.” ते खुर्चीत टेकले. “त्या शुक्रवारपासून रागानं कोणाशी बोललेली नाही. आईशीसुद्धा नाही. तिकडे पार्ल्यात आईला वाटतंय, हिची परीक्षा चालू आहे. खोलीतली मैत्रीण समजूत घालायला गेली, तर ही तिच्यावरच डाफरली. म्हणे, मॅच तू बघितलीच नाहीस, मग मध्ये कशाला बोलतेस?”

बापाला शोभेल असा कपाळाला आठ्या घालायचा त्यांनी प्रयत्न केला. तो काही जमला नाही.

“कोणावर गेलीय कोण जाणे,” असं म्हणून त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. तो पुसून होईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत उभा राहिलो.