परस्पर विश्वासवृद्धीचा खेळ

कर्मचाऱ्यांचा एकमेकांवर पुरेसा विश्वास नाही, ही बाब वरिष्ठ कार्यालयाच्या निदर्शनास आली होती. ती कुणी निदर्शनास आणून दिली हे कळायला मार्ग नव्हता, कारण ज्यांनी ती आणून दिली त्यांची नावं गोपनीय ठेवण्यात आली होती. त्यावर उपाय म्हणून सर्व शाखांनी आठवड्यातून एकदा, जेवणाच्या सुट्टीनंतर, एक ऑनलाइन खेळ खेळावा असं ठरलं. खेळाचं नाव होतं ‘घरभेदी’.

खेळ अगदी सोपा होता. ज्यानं त्यानं आपापल्या जागेवर बसून मोबाइल उघडायचा. पडद्यावर एकच शब्द येई : ‘प्रामाणिक’ किंवा ‘घरभेदी’. तो कुणाला दाखवायचा नाही. मग पडदा काळा होई आणि तेवढ्यात घरभेदी गुपचूप एकाचा काटा काढी. पडदा उजळला की उरलेल्यांनी टाइप करून चर्चा करायची, मतं द्यायची आणि ज्याला सर्वांत जास्त मतं पडतील त्याला बाहेर काढायचं. तो खरा कोण होता, ते मग पडद्यावर झळके. थोडक्यात, सगळ्यांनी सगळ्यांवर संशय घ्यायचा आणि त्यातून विश्वास वाढवायचा.

पाणीपुरवठ्याच्या त्या शाखेत आवकराव आणि जावकराव असे दोन कारकून होते. येणारा कागद आवकराव नोंदवून घेत, जाणारा कागद जावकराव नोंदवून पाठवत. खरी नावं पगारापुरती उरली होती. एकाच टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसून दोघांचे केस पांढरे झाले होते. डबे मधोमध उघडत. एक जण चष्मा घरी विसरला, तर तो दुसऱ्याचा लावून काम उरके. नंबर वेगळा होता, पण कागद फारसे वेगळे नसत.

पहिल्या खेळात आवकरावांच्या पडद्यावर ‘प्रामाणिक’ आलं. त्यांना बरं वाटलं. आता आपल्याला काही करायचं नाही, अशी त्यांची समजूत झाली आणि ते स्वस्थ बसून राहिले.

“आवकराव गप्प का?” रोखपालांनी टाइप केलं.

“मलाही तेच म्हणायचं होतं,” टायपिस्ट बाईंनी लिहिलं.

आवकराव एका बोटानं टाइप करत. ‘मी गप्प ना’ इथपर्यंत ते पोचले, तोवर मतदान आटोपून ते बाहेर पडले होते. ‘ही व्यक्ती प्रामाणिक होती’, असं पडद्यावर आलं. कुणी हळहळलं नाही. उलट साहेब केबिनमधून बाहेर येऊन म्हणाले, “प्रामाणिक असूनही संशयास्पद वागणं हे जास्त गंभीर आहे, आवकराव.”

पुढच्या खेपेला ते तयारीनं आले. खेळ सुरू होताच त्यांनी सर्वांत आधी लिहिलं, “मी प्रामाणिक आहे.”

“विचारलं कुणी होतं?” रोखपालांनी लिहिलं, आणि आवकराव पुन्हा बाहेर.

संध्याकाळी घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

“म्हणजे ज्यांच्याबरोबर रोज जेवता त्यांनी तुम्हाला हाकललं?”

“हाकललं नाही गं. बहुमतानं बाहेर काढलं.”

“अहो, मग घरात कसं करता तसं करा ना तिथे. मी आणि मुलं काय ठरवतोय ते आधी ऐकता, आणि शेवटी ‘मला चालेल’ म्हणता. इतक्या वर्षांत कुणी काढलं का तुम्हाला घराबाहेर?”

आवकराव विचारात पडले. इतकी मोठी विद्या आपल्या अंगात होती, आणि आपल्याला तिचा पत्ताच नव्हता!

तेव्हापासून त्यांनी मत शेवटी द्यायला सुरुवात केली. कुणी कुणाला मत दिलं हे खेळात कळत नसे, पण प्रत्येकाच्या नावापुढचा आकडा मात्र वाढताना दिसे. आवकराव मोबाइल टेबलाखाली धरून त्या आकड्यांकडे बघत बसत, आणि ज्याचा आकडा सगळ्यांत फुगलेला त्याच्यावर अलगद बोट टेकवत. घरभेदी सापडो न सापडो, आवकराव आत असत. शेवटपर्यंत टिकतात म्हणजे माणसं ओळखतात, असा त्यांच्या नजरेचा बोलबाला झाला. चर्चेत टाकायला त्यांनी एक वाक्यही घडवून ठेवलं होतं : “मला कुणावर आरोप करायचा नाही, पण विचार करायला हरकत नाही.” हे वाक्य कुणालाही लागू पडे आणि कुणालाच लागत नसे.

खेळाचा फायदा हळूहळू कामकाजातही दिसू लागला. टायपिस्ट बाईंच्या टेबलावर छतातून पाणी ठिबकत होतं. एरवी पाहणी, अंदाजपत्रक, मंजुरी यांत महिने गेले असते. रोखपाल म्हणाले, “मतच घेऊ या की.” पाणी नेमकं बाईंच्याच टेबलावर का पडतं, या मुद्द्याचा खुलासा बाईंना करता आला नाही. त्यांना एक दिवस बाहेर, अभ्यागतांच्या बाकावर बसवण्यात आलं. पाणी ठिबकतच राहिलं, पण जबाबदारी निश्चित झाली.

मग प्रिंटर अडकला, मत घेतलं. कपाटाची किल्ली सापडेना, मत घेतलं. भिंतीवरचं घड्याळ मागे पडलं, तेव्हा त्याच्याखाली बसतो म्हणून संगणकवाला बाकावर गेला. नवीन नळजोडणीसाठी आलेल्या एका गृहस्थांना बाकावर टेकायलाही जागा मिळेना.

“आत कुणी आहे की नाही?” त्यांनी विचारलं.

“आहेत ना,” संगणकवाला म्हणाला. “जे अजून सापडले नाहीत ते आहेत.”

अशी प्रगती चालू असतानाच वरून आदेश आला, की शाखेत एक पद अतिरिक्त ठरलं असून एका कर्मचाऱ्याची बदली नदीपलीकडच्या उपकार्यालयात करावी. सेवाज्येष्ठता, हरकती, सुनावण्या यांत साहेबांना पडायचं नव्हतं. त्यांनी सर्वांना बोलावलं.

“आपण पारदर्शक आणि लोकशाही मार्गानं जाऊ,” ते म्हणाले. “उद्याच्या खेळात जो पहिला बाहेर पडेल, तो नदीपलीकडे. हा खेळ अधिकृत असल्यामुळे त्याची मांडणी मी स्वतः करीन.”

दुसऱ्या दिवशी डबे उघडले, पण जेवण कुणालाच गेलं नाही. खेळ सुरू झाला. आवकरावांच्या पडद्यावर ‘प्रामाणिक’ आलं. पडदा काळा झाला, पुन्हा उजळला आणि सगळे चक्रावले. कुणाचाच काटा निघाला नव्हता. सगळे जिथल्या तिथे होते.

“घरभेदी आज फारच धूर्तपणे वागतोय,” रोखपालांनी लिहिलं. “मुद्दाम काही केलं नाही.”

“काहीच न करणं हाच मोठा पुरावा आहे,” साहेबांनी केबिनमधून लिहिलं.

टायपिस्ट बाईंवर छताचा जुना डाग होताच. दोघातिघांनी त्यांचं नाव घेतलं. तेवढ्यात जावकरावांनी लिहिलं, “पण घरभेदी नसलाच तर?”

समोर बसलेल्या आवकरावांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन ते पुन्हा वाचलं. असं कुणी विचारतं का?

“घरभेदी नाही, असं घरभेद्याशिवाय कोण म्हणेल?” रोखपालांचा सवाल आला.

मतदान सुरू झालं. आवकरावांनी मोबाइल टेबलाखाली घेतला. बाईंच्या नावापुढचा आकडा वाढला, मग जावकरावांचा वाढला, आणि होता होता दोन्ही आकडे बरोबरीला येऊन थांबले. आवकराव वाट बघत राहिले. आकडे हलेनात. एकच मत उरलं होतं, आणि ते त्यांचं होतं. आयुष्यात प्रथमच त्यांना बहुमत आयतं मिळालं नव्हतं. ते स्वतः तयार करावं लागणार होतं.

बाईंवर बोट टेकवावं, असं त्यांच्या मनात आलं. जावक घरभेदी नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या माणसाला खोटं बोलताना हसू फुटे. पण तेवढ्यात त्यांना दिसलं, की त्यांच्या स्वतःच्या नावापुढेही एक मत पडलं आहे. एकच, पण पडलं होतं. म्हणजे कुणीतरी आपल्यावर डोळा ठेवून होतं! आता बाई गेल्या, तर आवकनं मित्राला वाचवलं असंच सगळे म्हणतील. मत गुप्त होतं. पण मैत्री गुप्त नव्हती.

त्यांनी मान वर केली नाही. बोट टेकवलं.

‘ही व्यक्ती प्रामाणिक होती’, असं जावकरावांच्या नावाखाली आलं.

बदली ठरली, पण घरभेदी मोकळाच होता, म्हणून खेळ पुढे चालला. रोखपाल गेले, प्रामाणिक निघाले. बाई गेल्या, प्रामाणिक निघाल्या. संगणकवालाही प्रामाणिकच निघाला. जितके प्रामाणिक सापडत गेले, तितका उरलेल्यांचा संशय बळावत गेला. शेवटी आवकराव आणि साहेब असे दोघेच राहिले. साहेबांनी आवकरावांना मत दिलं. साहेबांच्या विरोधात जायचं म्हणजे फारच झालं, म्हणून आवकरावांनीही आवकरावांनाच दिलं. एकमत झालं. ‘ही व्यक्ती प्रामाणिक होती’, पडदा म्हणाला, आणि साहेब एकटे उरले. आता घरभेदी कोण हे हिशेबानं उघड होतं, पण तसा हिशेब करायला कुणी पुढे आलं नाही. एवढ्यात पडद्यावर शेवटची ओळ उमटली : ‘या खेळातील घरभेदींची संख्या : निरंक.’

“साहेब, मांडणी करताना संख्या भरायची असते,” संगणकवाला चाचरत म्हणाला.

“भरली की. निरंक,” साहेब म्हणाले. “हे सगळं वर दिसतं. माझ्या शाखेत घरभेदी आहेत असं मी लेखी देऊ?”

“पण मग आपण शोधत कुणाला होतो?”

“खेळ वेगळा, माहिती वेगळी,” असं म्हणून साहेबांनी केबिनचं दार लावून घेतलं. जावकरावांचं जाणं मात्र कायम राहिलं, कारण ते रीतसर मतदानानं झालं होतं.

जाताना जावकरावांची बसायची उशी खुर्चीवरच राहिली. थोड्या दिवसांनी ती काखेत घेऊन आवकराव पूल ओलांडून उपकार्यालयात गेले. एकच खोली होती, पण खिडकी भिंतभर मोठी, आणि खाली संथ नदी. आवकही जावकरावच नोंदवत, जावकही तेच. रंग उजळला होता त्यांचा.

“बस रे,” ते म्हणाले. “इथे माझ्याविरुद्ध मत द्यायला मी एकटाच आहे.”

दोघांनी चहा घेतला. आवकराव कपाच्या कानाशी चाळा करत राहिले.

“एक सांगायचं होतं,” जावकराव म्हणाले. “मनाला लागून राहिलंय. त्या दिवशी मी तुला मत दिलं होतं.”

आवकरावांचा कप बशीवर आदळला. “ते मत तुझं होतं?”

“अरे, बदली कुणाच्याच माथी मारायची नव्हती मला. म्हटलं, आवकच्या विरुद्ध काही कुणी जाणार नाही. त्याला दिलं तर मत वाया जाईल, कुणाचं वाकडं होणार नाही. तू मला दिलं नसशीलच म्हणा.”

“छे,” आवकराव म्हणाले.

मग ते फार वेळ बसले नाहीत. घरी आले ते तणतणतच.

“कसा माणूस निघाला बघ!” त्यांनी चपला काढता काढता बायकोला सांगितलं. “इतक्या वर्षांची मैत्री, एका डब्यात जेवलो, आणि मत दिलं ते मला! सरळ मला!”

बायकोनं विचारलं, “आणि तुम्ही कुणाला दिलं होतं?”

“माझं वेगळं आहे,” आवकराव म्हणाले. “मी बहुमताबरोबर होतो.”

ती काहीच बोलली नाही. आवकरावांना मात्र ती शांतता बरीच संशयास्पद वाटली.

तर असा हा माणूस. इथवर वाचून तुमचंही मत ठरलं असेल. निर्धास्त राहा, बहुतेक सगळ्यांनी त्यालाच दिलं आहे.