ड्रायव्हरकडचा दरवाजा

"माणसानं जन्माला येऊन एक तरी गोष्ट अशी करावी, की तिच्यात जगाला आपलं तोंड दिसलं पाहिजे."

हा विचार आर्णीच्या श्रावण मुनेश्वरांनी मांडला तेव्हा ते बनियनवर होते, पायजमा टोंगळ्यापर्यंत वर केलेला होता आणि बूड कपडे धुवायच्या पाटावर टेकलेलं होतं. ऐकायला फक्त शेजारची शेळी होती. शेळीनं विचार शांतपणे ऐकून घेतला आणि गाडीच्या काचेला लावलेली चिकटपट्टी खायला घेतली.

वीज कंपनीत लाइनमन म्हणून श्रावणरावांची सगळी नोकरी निम्मी खांबावर आणि निम्मी दुसऱ्याच्या गाडीवर गेली. कुठं तार तुटली की रस्त्यावर उभं राहायचं आणि येईल त्याला हात दाखवून म्हणायचं, "मले मागं घेता काय?" कधी दुधाच्या कॅनवर टेकून, कधी कापसाच्या गाठोड्यावर बसून ते तारेपर्यंत पोचत. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी लाल गाडी घेतली ती ऐटीसाठी नव्हे. ते वाक्य पुन्हा तोंडातून काढायला लागू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. आता मनात आलं की नेरच्या बहिणीकडे जायचं, वाटलं तर घाटंजीच्या बाजारात. कोणाला विचारायचं नाही.

या सुखाला एकच धोका होता. तो पुण्याला नोकरीला होता आणि त्याचं नाव राजदीप. मागच्या दिवाळीत श्रावणरावांनी गाडी मागं घेताना पाण्याचा ड्रम आडवा केला, तेव्हा मुलानं सांगून ठेवलं होतं, "आता एकडाव जरी ठोकली ना बाबा, तर चावी मी संगं घेऊन जाईन." कौसल्याबाई त्यावर काही बोलल्या नाहीत. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोचं न बोलणं कोणत्या पक्षाचं असतं, हे श्रावणरावांना बरोबर कळत होतं.

गाडी उन्हानं पार विटली होती. वऱ्हाडातलं ऊन लाल रंगाला लाल राहू देत नाही, त्याचा गुळण्या करायच्या औषधासारखा गुलाबी करतं. म्हणून त्यांनी मोबाइलवर बघून बघून गाडी पॉलिश करायची विद्या घेतली. मशीन मागवलं, मऊ फडकी मागवली आणि मोबाइलमधल्या माणसाच्या सल्ल्यानुसार आधी एकच भाग हाती घेतला: ड्रायव्हरकडचा दरवाजा. साबणानं धुवा, चिकणमातीसारख्या गोळ्यानं घासा, मग कंपाउंड नावाचा लेप, मग पॉलिश, मग मेण. वरचा मेलेला रंग सुटायला लागला, तशी फडकी एकेक करून लालभडक झाली. मशीनच्या थरथरीनं त्यांचं मनगट सुजलं. पण दरवाजा असा निघाला की समोरच्या घराच्या गच्चीवरचे पापड त्यात मोजता यावेत.

कौसल्याबाईंनी बाहेर येऊन दरवाजा पाहिला.

"चांगला झाला," त्या म्हणाल्या. "आता बाकी गाडी भीक मांगून आल्यावानी दिसून राह्यली."

मग त्यांनी नवऱ्याच्या मनगटाला क्रेप पट्टी बांधली, लाल फडकी धुवून दोरीवर वाळत घातली आणि कामाला लागल्या. इथपर्यंत कोणाचीही काही चूक नव्हती.

शेजारचे पूनमसिंग राठोड संध्याकाळी दारात स्कूटर लावता लावता थांबले. आधी त्यांनी दरवाजा पाहिला, मग दोरीवरची फडकी पाहिली. सगळ्यात शेवटी पट्टी बांधलेला हात पाहिला.

"कुठी ठोकली?" त्यांनी हळूच विचारलं.

"ठोकली नाही. पॉलिश केलं."

"एकाच दरवाज्याले?"

श्रावणरावांनी कंपाउंडपासून मेणापर्यंत सगळं समजावून सांगितलं. जोराचा धक्का बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकावं, तसं पूनमसिंगांनी ते मान हलवत ऐकलं.

"जीव वाचला ना, बस झालं," ते म्हणाले. "मी कोनाले सांगत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी भेटायला येणारे सुरू झाले.

आपल्याकडे अपघात झालेल्या माणसाला भेटायला गेलं नाही तर ते मरेपर्यंत ऐकून घ्यावं लागतं. अपघात झालाच नव्हता हा खुलासा त्याच्या आड येऊ शकत नाही. कोणी बिस्किटाचे पुडे आणले, कोणी शहाळी आणली. विहारातली मंडळी एकत्रच आली, जयभीम घालून ओळीनं बसली आणि बराच वेळ श्रावणरावांच्या मनगटाकडे बघत राहिली. प्रत्येकजण जाताना दरवाज्यावर टिचकी मारून बघे. मग आपल्या कोणातरी मावसभावाचा अपघात सांगे. तो मावसभाऊ बहुतेक वाचलेला नसे. श्रावणराव सुरुवातीला कंपाउंडबद्दल सांगत. दुपारनंतर ते नुसतं "हो" म्हणायला लागले. कौसल्याबाईंनी चहाचं मोठं पातेलं काढलं, ते परत मांडणीवर गेलंच नाही.

यातून सोडवील तर आपला मेकॅनिक हबीब, असं त्यांना वाटलं. गाडीची नस न नस त्याला ठाऊक होती. हबीबभाई आले, दरवाजा ठोकून पाहिला, कान लावून ऐकला, बोटानं कडा चाचपली आणि दुखावल्या चेहऱ्यानं उभे राहिले.

"श्रावणभाऊ, इतक्या सालची वळख. अन् नवा दरवाजा नागपुरात टाकून आनला?"

"हबीबभाई, तुमची शपथ, मी घरीच घासला."

"काम साफ हाय," हबीबभाई म्हणाले. "इथं असं काम कोनी करतच नाही. म्हनून तर समजलं."

ते चहा न घेता गेले. कौसल्याबाईंना मात्र त्यातल्या त्यात तेवढंच बरं वाटलं.

आता उपाय एकच. डावीकडचा दरवाजाही तसाच करून दाखवायचा, म्हणजे लोकांच्या लक्षात येईल. श्रावणरावांनी सुजलेल्या हातानं तोही घासला. लोकांच्या लक्षात आलं. "दोन्हीकून दबली होती," अशी बातमी स्टँडपर्यंत गेली. "एकीकून ट्रक, एकीकून पुलाचा कठडा." मग त्यांनी बॉनेट घासलं. तेव्हा ट्रक समोरून आला.

त्या रात्री राजदीपचा फोन आला. बातमी पुण्यालाही पोचली होती. रविवारी येतो, एवढंच म्हणाला, आणि चावी जागेवर ठेवायला सांगितली.

श्रावणरावांना झोप नव्हती. संपूर्ण गाडी एकाच रंगाची झाली तर कोणता भाग बदलला असं म्हणायला जागाच उरणार नाही, हा विचार त्यांनी केला, आणि तो अगदी बरोबर होता. मधल्या दिवसांत त्यांनी टप, डिक्की, मागचे दरवाजे, आरशांच्या पाठी, सगळं घासलं. उजव्या हातानं होईना तेव्हा डाव्यानं केलं. जेवताना त्यांचा घास आपोआप ताटात गोल गोल फिरे. शनिवारी संध्याकाळी गाडी अंगणात उभी राहिली ती कापलेल्या कलिंगडासारखी.

पूनमसिंग कुंपणापाशी आले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"जुनी भंगारात देल्ली वाटते," ते म्हणाले. "जाऊ दे भाऊ. नवीचे पेढे कवा देतं?"

रविवारी राजदीप आला. घरात न जाता आधी गाडीपाशी गेला आणि तिच्याभोवती फिरला. मग मागच्या चाकावर वाकला. गाडी शिकताना त्यानं तिथं फाटकाचा लांब ओरखडा पाडला होता. तोही बापानं घासून घालवला होता.

"माह्या हातचा वरखडा कुठी हाय?" त्यानं विचारलं.

"काढला," श्रावणराव म्हणाले आणि म्हणता म्हणताच त्यांना कळलं की आपल्या बाजूचा एकमेव साक्षीदार आपणच पुसून टाकला.

राजदीपनं चावीसाठी हात पुढं केला. श्रावणरावांनी पट्टी बांधलेल्या हातानं ती दिली. तो आत बसला, कौसल्याबाईही शेजारच्या सीटवर येऊन बसल्या. मागची काच खाली करून पाहिली, ती पहिल्यापासून होत नव्हती, आत्ताही झाली नाही. मग त्यानं चावी फिरवली. त्याबरोबर समोरच्या खणाचं झाकण नेहमीप्रमाणे आपोआप उघडलं आणि कौसल्याबाईंच्या टोंगळ्यावर आपटलं.

"तेच गाडी हाय," कौसल्याबाई टोंगळा चोळत म्हणाल्या. आठवड्यात पहिल्यांदा त्या नवऱ्याच्या बाजूनं बोलल्या होत्या.

राजदीप खाली उतरला. त्यानं दरवाज्यावर तळहात ठेवला. दरवाज्यात त्याला स्वतःचं तोंड दिसलं आणि मागं बापाचं, आठ दिवस आजारी असल्यासारखं.

"बाबा, हे सगळं हातानं केलं तुमी?"

"मशीन होती."

वाकून त्यानं गाडीतली चावी काढली. मग ती बापाच्या खिशात टाकली. "ठेवा तुमच्यापाशी. इतकी जपनारा मानूस ठोकत नसते."

सोमवारी राजदीप पुण्याला परत गेला. मंगळवारी श्रावणराव नेरला बहिणीकडे निघाले. अंघोळ केली, इस्त्रीचा सदरा घातला, गाडीत बसले आणि चावी लावली. खणाचं झाकण पडलं. त्यांनी समोर पाहिलं. रस्त्याचं खोदकाम चालू होतं, डंपर मुरूम टाकत होता, त्यामागून कापसाचा ट्रक धुरळा उडवत येत होता. फाटकाच्या बाहेर शेळी उभी होती आणि तिला शिंगं होती.

ते बराच वेळ तसेच बसले. मग खाली उतरले. बॉनेटवर बसलेला धुळीचा एक कण फुंकरीनं उडवला, कौसल्याबाईंच्या नकळत घरातून धुतलेली सतरंजी आणली, गाडीवर अंथरली, कोपरे चाकांखाली दाबले आणि पिशवी घेऊन रस्त्यावर आले.

पूनमसिंग स्कूटरला किक मारत होते. त्यांनी झाकलेली गाडी पाहिली, श्रावणरावांच्या हातातली पिशवी पाहिली आणि सहानुभूतीनं मान हलवली.

"नेली ना पोरानं चावी शेवटी?"

श्रावणरावांनी खिशात हात घातला. चावी होती. आठ दिवसांत त्यांनी इतके खुलासे केले होते की आता एकही शिल्लक नव्हता.

"हो," ते म्हणाले. "पूनमभाऊ, स्टँडपर्यंत मले मागं घेता काय?"