पुण्याचा साहेब आणि एकशे चार गुण

"एकोणचाळीस?" संघप्रिया खुर्चीवरून उठलीच. "शंभरात एकोणचाळीस? सर, माझा प्रोग्राम चालतोय की!"

"चालतोय त्ये मलाबी दिसतंय. पण पुण्यानं एकोणचाळीस दिल्यात, त्येला मी काय करू?" जिनेंद्र मगदूम म्हणाले.

कोल्हापूरच्या राजारामपुरीत एका दवाखान्याच्या माडीवर मगदुमांचं सॉफ्टवेअरचं ऑफिस होतं. साल दोन हजार चार. कॉम्प्युटर तीन, त्यातला एक बंद. प्रोग्रामर दोन, संघप्रिया आणि अतुल. खुद्द मालकांना प्रोग्रामिंग येत नव्हतं. कोण चांगलं काम करतंय हे ते कानानं ओळखायचे. कीबोर्ड जितका दणदणीत वाजेल तितकं काम झकास. पण एकालाच कायम करायचं ठरलं, तेव्हा त्यांनी पुण्याच्या एका कंपनीची योजना घेतली. संध्याकाळी प्रोग्राम ई-मेलनं पाठवायचा, सकाळी गुण हजर. महिनाअखेर ज्याचे गुण जास्त तो कायम, दुसऱ्यानं घर गाठायचं.

संघप्रिया कायम झाली तरच धाकट्या भावाला इंजिनिअरिंगला घालायचं, असं तिच्या घरी ठरलेलं. म्हणून ते एकोणचाळीस तिला फार झोंबले.

हे गुण एक प्रोग्रामच देतो असं माहितीपत्रकात लिहिलं होतं. ते पत्रक मगदुमांनी जपून कपाटात ठेवलं होतं, कुलूप लावून. त्यामुळे अतुलची पक्की समजूत झाली, की पुण्यात कुणी साहेब चष्मा लावून बसतो आणि सगळं वाचतो.

"मानूस म्हटल्यावर दोन शब्द गोड बोलाय नकोत व्हय?" तो म्हणाला.

प्रोग्रामच्या मधे मधे टिपा लिहायची सोय असते. कॉम्प्युटर त्यांच्याकडे बघत नाही, पुढं कुणी ते काम हातात घेतलं तर त्याला कळावं म्हणून त्या असतात. अतुलनं तिथं इंग्रजी अक्षरांत मराठी टीप टाकली. 'साहेब, नमस्कार. कोल्हापूरला कधी येताय?'

दुसऱ्या दिवशी त्याचे गुण बावन्नावरून एकसष्टावर गेले.

"बघ! गडी खूश झाला!"

मग अतुल थांबतोय कशाला. 'येताना वहिनींना आणा. आईच्या हातचा पांढरा रस्सा खाऊन बघा.' चौऱ्याहत्तर. एकदा मात्र काम जास्त आणि टिपा कमी झाल्या, आणि गुण सत्तरावर घसरले.

अतुल हबकला. "साहेब मटण खात न्हाय वाटतं. सर, तुमच्यात पावण्याला काय करत्यात हो?"

मगदुमांना वाटलं, पोराच्या घरी कार्य असेल. त्यांनी पुरणपोळीपासून कटाच्या आमटीपर्यंत सगळा जैन बेत हौसेनं सांगितला. अतुलनं तो वाढण्याच्या क्रमानं टिपांत उतरवला. अठ्ठ्याऐंशी!

"आरं, आपण मंगल कार्यालयाचं बुकिंग बनवतोय," संघप्रिया कळवळून म्हणाली. "तुझ्या प्रोग्रामात एका दिवशी दोन लग्नं लागत्यात!"

"लागू देत की. साहेब कुठं काय बोललाय?"

आणि मगदुमांनी तर सोमवारी अतुलचाच प्रोग्राम उचगावच्या कार्यालयात बसवायचं ठरवलं.

महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी संघप्रियाचं डोकं फिरलं. आपल्या चाळीस ओळींच्या प्रोग्रामात तिनं तीनशे ओळींची टीप ठोकली. 'साहेब, तुम्ही हायसा का न्हाय मला ठावं न्हाय. असला तर डोळे तपासून घ्या.' मग महिन्याभराचे गुण पुढ्यात घेऊन गुण देताना साहेबाचं कुठल्या दिवशी, कुठं, काय चुकलं, अशा अकरा चुका क्रमानं मांडल्या आणि पाठवून दिलं.

सकाळी गुण आले. शंभरपैकी एकशे चार.

"शंभरात एकशे चार?" मगदुमांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "च्यायला, ह्यात वरकडबी मिळतंय व्हय?"

दोन दिवसांनी पाठीला बॅग लावलेला एक माणूस धापा टाकत जिना चढून आला. "पुण्याहून आलोय. एकशे चारवाल्या कोण?"

अतुल उडालाच. "साहेब! आलासा? आन् वहिनी?"

"कोण वहिनी? माझं लग्न व्हायचंय अजून. आणि साहेबबिहेब कुणी नाही. गुण देणारा प्रोग्राम मी लिहिलाय. तो फक्त कामाच्या मानानं टिपांच्या ओळी किती, तेवढं मोजतो. कामाच्या सातपट टिपा कुणी लिहील असं वाटलं नव्हतं, म्हणून शंभरावर अडवायचं राहिलं. काय बिघडलं बघायला मी जन्मात पहिल्यांदा कुणाची फाईल उघडून वाचली."

त्यानं दोन्ही प्रोग्राम चालवून बघितले. अतुलच्या प्रोग्रामनं एका मुहूर्तावर दोन नवरदेव उभे केले आणि दोघांचंही अभिनंदन केलं. संघप्रियाच्या प्रोग्रामनं दुसऱ्याला सरळ सांगितलं, 'तारीख गेलेली आहे.'

"तुम्ही काढलेल्या अकरापैकी नऊ चुका खऱ्या आहेत," पुणेकर तिला म्हणाला. "त्या दुरुस्त करायला आमच्याकडं येता का?"

"ओ पावणं!" मगदूम ओरडले. "जिना चढून आलासा, पाणी प्या. आमचं मानूस कशाला पळवताय?"

ते धावत कॉम्प्युटरपाशी बसले आणि दोन बोटांनी दणादणा पत्र बडवलं. "घे. आजपास्नं तू कायम. कर सही."

संघप्रियानं पत्र वरपासून खालपर्यंत वाचलं. "सर, तारीख मागच्या सालची हाय. आडनाव अतुलचं पडलंय. आन् पगाराची ओळच न्हाय."

"मग?"

"दुरुस्त करून आणा. मी बघते."

मगदूम पत्र घेऊन मुकाट्यानं मागं फिरले. तिसऱ्या खेपेला मालक पास झाले.