बिनदाराचं खुराडं

“नूरभाई, तुह्या त्या कूलरमधल्या कोंबड्या बाजाराच्या दिवसापर्यंत जित्या राहिल्या, तर मी तुले लोटगाडीवर बसवून बठ्ठा बाजार फिरवीन,” निंबा नाना म्हणाला आणि चहाचा कप असा आपटला, की जणू निकाल लागूनच गेला.

“अन् तुमच्या राहिल्या तर?” नूर महंमदनं विचारलं.

“तर तू मले फिरवशील. हार घालून.”

गल्लीतला कोणी हसला नाही, कारण नाना पैज लावताना गंमत करत नसे. तो काहीच करताना गंमत करत नसे, आणि तीच मोठी गंमत होती. पहूरच्या त्या गल्लीत कोणाच्या केळीवर करपा आला, कोणाची सून माहेरी गेली, कोणाच्या मोटारीचं वायडिंग जळलं, नानाकडे सल्ला तयार. मागितला नाही तरी तयार. आता तर ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर होती. अर्ज भरायला अवकाश होता, तरी भोंगा लावलेली नानाची रिक्षा रोज संध्याकाळी वॉर्डातून फिरायची. ‘वॉर्डाची राखण, निंबा नानाची जबाबदारी.’

आणि त्याच आठवड्यात केळीच्या बागेतून रानमांजर आलं. नानाची एक कोंबडी नेली, शेजारच्या नूर महंमदची एक नेली. वॉर्डाच्या राखणदाराच्या अंगणातून कोंबडी जाते म्हणजे काय? पोरं भोंग्यामागं पळत विचारायला लागली, “नाना, कोंबडी सापडली का?” मतांचा प्रश्न होता.

नूर महंमद कूलर दुरुस्त करायचा. कोंबडी गेल्यावर त्यानं एका भंगार कूलरचं पत्र्याचं खोकं घेतलं, आतला पंखा काढला, चारी बाजूंना जाळी ठोकली आणि एका बाजूला कडी बसवली. झालं खुराडं. ते पाहूनच नानाचं डोकं फिरलं होतं.

“कूलरमधी कोंबड्या,” तो झुलाल आबांना म्हणाला. “आता म्हणंल फ्रीजमधी म्हैस बांधतो.”

झुलाल आबा गल्लीतले सगळ्यात वयस्कर, म्हणून पंच तेच. त्यांनी अट सांगितली. दोघांकडे आता कोंबड्या सारख्याच. बाजाराच्या दिवशी सकाळी दोन्ही खुराडी गल्लीसमोर उघडायची. ज्याच्या खुराड्यात कोंबड्या कमी, तो हरला. बाकी कोणी कसं राखायचं ते ज्याचं त्यानं पाहावं.

नानानं पाहिलं ते असं पाहिलं की बायकोनं कपाळ धरलं. शेतात डुकरांसाठी लावलेली झटका मशीन त्यानं घरी आणली. खुराड्याभोवती तारा ओढल्या. मग लाकडी दार उचकटून बंबात घातलं आणि त्या जागी आडव्या चार तारा ताणल्या.

“दार कसाले काढं?” सुमनबाईंनी विचारलं. त्यांचं माहेर साक्रीकडचं. डोकं तापलं की त्यांच्या तोंडी अहिराणीच यायची.

“दार लागतं भित्र्या माणसाले. आपल्याकडे करंट आहे.”

“आनि कोंबड्या आत कशा जातीन?”

“बटन बंद करायचं, कोंबड्या आत घ्यायच्या, बटन चालू करायचं. कोंबड्यांमधलं तुले काय समजतं?”

ज्या बाईनं त्या कोंबड्या पिलांपासून वाढवल्या, तिला हे विचारायला वेगळीच छाती लागते. नानाकडे ती होती. बटन बंद करायचं ध्यान मात्र नव्हतं. पहिल्याच संध्याकाळी कोंबडा रुबाबात घरी आला, मान आत घातली, तुरा तारेला लागला आणि तो जो उडाला तो थेट नूर महंमदच्या पत्र्यावर. त्याच्यामागं सगळ्या कोंबड्या. नूरची बायको मेहरुन कडी लावायला बाहेर आली, तर दारात ही वरात.

“सुमनभाभी, तुमच्या कोंबड्या,” तिनं भिंतीवरून हाक मारली.

“ऱ्हाऊ द्या तठेच,” सुमनबाई म्हणाल्या. अंडी काढायला हात घालून त्यांनी दुपारीच एक झटका खाल्ला होता. “बठ्ठ्या तठेच झोपू द्या. सकाये सोडा.”

नानाला सांगायचा त्यांनी प्रयत्न केला. “अहो, कोंबड्या...”

“कोंबड्यांचं नाव काढू नको. तो विषय मी संपवला.”

मग त्यांनीही संपवला. दिवसा कोंबड्या अंगणात दिसायच्या, रात्री मशीन टकटक करायची, आणि त्या दोहोंच्या मधलं नानानं कधी पाहिलंच नाही. खुराड्यात डोकावायचं तर तारेजवळ जावं लागे. तारेचा एक प्रसाद त्यालाही कोपराला मिळाला होता. ते त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. चारचौघांत नुसताच उजवा हात झटकत बोलायचा. लोकांना वाटलं, भाषणाची तयारी.

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी रिक्षाची बॅटरी बसली. भोंगा नुसता खरखरायला लागला. उद्या बाजार, सगळा वॉर्ड तिथं, आणि आज प्रचार नाही? नानानं क्षणभरही विचार केला नाही, हा त्याचा जुना गुण. झटका मशीनची बॅटरी काढली, रिक्षात ठेवली आणि ‘वॉर्डाची राखण’ ओरडत निघून गेला. मागं खुराडं उरलं. दार नाही, करंट नाही.

जेवणवेळ टळल्यावर परत येऊन त्यानं बॅटरी जोडली. टकटक सुरू झाली. लांबूनच मोबाईलचा उजेड टाकला, तर खुराड्याच्या कोपऱ्यात दोन डोळे हिरवेगार चमकत होते.

“पाहिलं?” नाना बायकोला म्हणाला. “कोंबडीसुद्धा जागी आहे. याले म्हणतात शिस्त.”

सुमनबाईंनी ते डोळे पाहिले, नवऱ्याकडे पाहिलं, आणि पांघरूण डोक्यावरून घेतलं.

सकाळी गल्ली जमली. नानानं इस्त्रीचे कपडे घातले होते, हारसुद्धा स्वतःच आणून ठेवला होता. आधी नूर महंमदचा कूलर उघडला. कोंबड्या निघायला लागल्या त्या निघतच राहिल्या. झुलाल आबा मोजता मोजता थांबले.

“नूर, तुह्या दुप्पट कशा झाल्या रे? कूलरमधी अंडी उबवतोस का?”

“अर्ध्या नानाच्या आहेत, आबा. रोज मुक्कामाला येतात.”

नानाचा चेहरा उतरला, पण जीभ नाही. “खोटं आहे. माह्या कोंबड्या माह्या खुराड्यात आहेत. रात्री डोळ्यांनी पाहिलं.” त्यानं तावातावानं बटन बंद केलं आणि तारा बाजूला सारल्या.

आतून रानमांजर निघालं. रात्रभर चारी बाजूंनी झटके खाऊन त्याची शेपटी फुलून झाडूएवढी झाली होती. ते नानाच्या इस्त्रीच्या विजारीवरून गेलं, हारावरून गेलं आणि केळीच्या बागेकडे दिसेनासं झालं. गल्लीतली माणसं पोट धरून भिंतीला टेकली. हसायला सुद्धा दम लागतो.

“नाना,” नूर महंमद अखेर म्हणाला, “राखण एक नंबर. रात्रभर चोराचीच राखण केली.”

“एक तरी कोंबडी गेली का माही?” नानानं आबांकडे दाद मागितली.

“गेली नाही. पण अट होती खुराड्यात किती त्याची,” आबा म्हणाले. “तुह्या खुराड्यात एक मांजर होतं, ते पण गेलं. लोटगाडी आणा रे.”

बाजार गच्च भरला होता. पुढं लोटगाडीवर नूर महंमद, गळ्यात नानानंच आणलेला हार, लाजून पाय कुठं ठेवावे ते न कळणारा. मागं नाना, मान खाली, गाडी ढकलतोय. गल्लीला सगळं माहीत होतं. बाजाराला अजून नव्हतं.

मिरच्यांच्या ढिगामागून बाई उठली. “नूरभाई इलेक्शनले उभा राहिला का काय?”

“राहिलाच असंल,” शेजारचा कांदेवाला म्हणाला. “नाना सोता गाडी ढकलून राहिले म्हणजे पाठिंबा दिला. हाव ना नाना?”

लोक जवळ आले. कोणी नूर महंमदच्या हातात हात दिला, कोणी वरून आणखी एक माळ टाकली. “बरं केलं, नाना. माणूस कामाचा आहे. पण तुम्ही माघार काहून घेतली?”

नाना थांबला. नाही म्हणायचं, तर मग गाडी का ढकलतोय ते सांगायचं. ते सांगायचं, तर मांजर सांगायचं. त्यानं मिरच्यांकडे पाहिलं, कांद्यांकडे पाहिलं, कपाळावरचा घाम पुसला.

“तरुणांले संधी दिली पाहिजे,” तो म्हणाला.

टाळ्या वाजल्या. नूर महंमद घाबरून मागं वळला. “नाना, मले नाही उभं राहायचं. माझा कूलरचा सीझन आहे.”

“बस गपचूप,” नाना दात आवळून म्हणाला, “अन् हात जोड.”