तळ्यातल्या तणाचं माहेर

गावच्या तळ्यावर तांबड्या देठांचं तण पसरलं आणि जवाहर अण्णांना गुन्हेगारही लगेच सापडला. तळ्यात मासे धरायचा ठेका रसूलकडे होता. "भायेरनं माशांची पिल्लं आणतोय, त्यातनंच ही घाण आली. ठेका काडून घ्या त्याचा!" अण्णांनी भर ग्रामसभेत ठणकावलं. ठेका गेला की रसूलची चूल बंद, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"आमच्या पिल्लांच्या टाकीत बी तण हाय अण्णा, पर ह्ये न्हवं," रसूल खालमानेनं म्हणाला.

"मग हून जाऊ द्या तणाचं डीएनए!" अण्णा गरजले.

अण्णांची भाची प्रीती सांगलीच्या कॉलेजात वनस्पतींवर संशोधन करत होती, त्यामुळे अण्णांची छाती आधीच फुगलेली. प्रीतीनं रसूलच्या टाकीतले, नदीकाठचे, पार वरच्या अंगाला वाईपर्यंतचे नमुने गोळा केले आणि पुढच्या सभेत निकाल सांगितला.

"रसूलभाईंच्या टाकीतलं तण वेगळ्या कुळातलं आहे. तळ्यातलं वाईच्या घाटाजवळच्या तणाशी तंतोतंत जुळतं. सगळी एकाच रोपाची पिलावळ."

"वाईला गावातलं कोण जातंय?" सरपंच शंभूराज म्हणाले.

अण्णांची लेक वाईला दिली होती. तिच्याकडून येताना, फूल छान दिसलं म्हणून, त्यांनीच एक रोप पिशवीतून आणून घरच्या हौदात सोडलं होतं. हौद रोपांनी भरला तेव्हा बायको गुणमालाबाई म्हणाल्या, उकिरड्यावर टाका. पण पाणी गाळल्यावर फडक्यात उरलेले जीवसुद्धा विहिरीत परत सोडणाऱ्या जैन घरातला माणूस हिरवंगार रोप उन्हात कसं मारणार? अण्णांनी पाटीभर रोपं तळ्यात सोडली, पुण्य पदरात पडलं असं मानलं आणि विसरून गेले.

"आवं, गप का? तुमीच की पाटी भरून..." बायकांतून गुणमालाबाईंचा आवाज आला. सभा खो खो हसली. अण्णांना तळ्यात उडी मारावीशी वाटली, पण तिथं उडी मारण्यापुरतंही पाणी मोकळं नव्हतं.

संध्याकाळी ते रसूलच्या दारात गेले. लाजेनं मान वर होत नव्हती. रसूलच्या बायकोनं, अख्तरबीनं खुर्ची दिली, तशी त्यांना आणखीच शरम वाटली.

"चुकलं गड्या. नाहक तुझं नाव घेतलं."

"ऱ्हाऊ द्या अण्णा. मला ठावं हुतं. तुमी पाटी सोडताना मी पल्याड जाळं टाकत हुतो."

"मग सभंत बोलला का न्हाईस रं?"

रसूल संकोचला. "तुमी हात जोडून सोडत हुता. म्हनलं, देवाचं काय तरी असंल. चारचौघांत तुमचा देव कशाला काडायचा?"

अण्णांना खुर्चीवरून उठताच येईना.